ट्रॉलीचा मागचा दिवा

(गळीत हंगामाच्या तोंडावर झालेल्या जिल्हा बैठकीत एका शेतकरी वायरमनने केलेले भाषण. बोलणे जसे झाले तसेच, थोडे आटोपते करून देत आहोत.)



या बैठकीत भाव, वीजबिल, कर्ज हे विषय निघतात. त्यावर बोलणारी माणसे माझ्यापेक्षा जाणती आहेत. मी चार एकरांचा शेतकरी. पोट भरत नाही म्हणून फाट्यावर टपरी टाकून ट्रॅक्टर, जीप, टेम्पोचे वायरिंग करतो. मला सांगितले, तू दिव्यांवर बोल. म्हणजे आपण गाडीवर वरून जे जादा दिवे लावतो त्यांच्यावर. नांगरटीचा दिवा, ट्रॉलीचा मागचा दिवा, जीपच्या बंपरवरचे फॉग लॅम्प, आता निघालेली ती एलईडीची लांब पट्टी.

पहिल्यांदा माझीच चूक सांगतो, म्हणजे पुढचे बोलायचा मला अधिकार राहील.

काही वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, एका ट्रॉलीचे वायरिंग मी करून दिले होते. चार दिवसांनी ड्रायव्हर आला. म्हणाला, "मिस्त्री, मागचा दिवा मधेच जातोय, मधेच येतोय. बघा की जरा." माझ्या दारात पाच गाड्या उभ्या. मी म्हणालो, "खेप टाकून ये, सोमवारी बघू." सोमवार यायच्या आत शनिवारी पहाटे आमच्याच शिवारातला एक पोरगा मोटारसायकलवर दुधाचे कॅन घेऊन डेअरीला निघाला आणि त्या ट्रॉलीच्या मागे धडकला. ट्रॉली चालू होती, दिवा बंद होता. पोरगा वाचला, पण एक पाय गुडघ्याखाली गेला. पोलिसांनी ड्रायव्हरवर गुन्हा घातला. माझे नाव कुठल्याच कागदावर आले नाही. पण तो दिवा का जात होता ते मला दुसऱ्या दिवशी ट्रॉलीखाली शिरल्यावर कळले. त्यात ड्रायव्हरचा काही दोष नव्हता.

दोष होता मायनसचा. आपल्या गाड्यांत प्लसची वायर दिव्यापर्यंत जाते आणि परतीचा करंट लोखंडी बॉडीतून बॅटरीच्या मायनसला येतो. ट्रॅक्टरचे लोखंड एकसंध आहे, तिथे हे चालते. ट्रॉली वेगळी. ट्रॉली आणि ट्रॅक्टर यांच्यात लोखंडाचा सांधा म्हणजे काय, तर हूक आणि पिन. त्या पिनेला आपण ग्रीस फासतो, तिच्यावर गंज चढतो, चिखल बसतो. ट्रॉली ओढीत असली की पिन घट्ट बसते, दिवा लागतो. उतारावर ट्रॉली पुढे रेटली की पिन सैल होते, दिवा गेला. मी ट्रॉलीला मायनसची वेगळी वायर ओढली नव्हती. तीन-चार मीटर वायर वाचवली होती. तेवढ्याने एकाचा पाय गेला.

तेव्हा ट्रॉलीला मायनसची स्वतंत्र वायर ट्रॅक्टरपासून ओढायचीच. हुकाच्या भरवशावर दिवा ठेवायचा नाही. ही खूण लक्षात ठेवा : ब्रेक दाबला की मागचा साधा दिवा मंद होतो, किंवा डावा इंडिकेटर टाकला की उजवाही मिणमिणतो, असे दिसले की बल्ब बदलत बसू नका. मायनस कुठेतरी सुटला आहे. करंट परतीची वाट शोधत दुसऱ्या बल्बमधून येतो आहे. दिव्याच्या बुडाशी जिथे मायनस जोडला तिथला रंग खरवडून चकचकीत लोखंड काढा, लग दाबून नट-बोल्टने आवळा आणि वरून ग्रीस किंवा रंग लावा. आधी खरवडायचे, ग्रीस नंतर. लोक उलटे करतात.

बऱ्याच ट्रॅक्टरांच्या मागे सात पिनांचे गोल सॉकेट दिलेले असते. ते फुकट दिलेले नाही, भावांनो. त्याच्या पिना ठरलेल्या आहेत : एक डावा इंडिकेटर, तीन मायनस, चार उजवा इंडिकेटर, पाच आणि सात मागचे लाल दिवे, सहा ब्रेक. तसाच प्लग ट्रॉलीला बसवला तर कुठलीही ट्रॉली कुठल्याही ट्रॅक्टरला जोडा, दिवे बरोबर लागतात. आपण काय करतो? वायरची टोके दाताने सोलून पीळ मारतो. एका हंगामात त्या पिळाला इतक्या वेळा सोडून बांधतो की शेवटी चार तारांचे टोक उरते.

आता बारा व्होल्टची गोष्ट. हात लावला तरी झटका बसत नाही, म्हणून आपल्याला बॅटरीची भीती वाटत नाही. डीपीजवळ जाताना जो माणूस दहा वेळा विचार करतो, तोच बॅटरीवर पाना टाकून निघून जातो. पण झटका बसतो व्होल्टने, आणि आग लागते अँपिअरने. ट्रॅक्टरचा स्टार्टर फिरवताना ही बॅटरी शे-दोनशे अँपिअर सहज देते. वायर कुठे घासून लोखंडाला टेकली तर त्याहून जास्त करंट त्या बारीक वायरमधून धावायला बघतो. चार-पाच सेकंदांत वायर लाल होते, वरचे प्लॅस्टिक पेटते. शेजारी डिझेलची नळी, मागे वाळलेल्या पाचटाने किंवा कापसाने भरलेली ट्रॉली. पुढचे सांगायला नको.

माझ्या स्वतःच्या ट्रॅक्टरवर हे झाले आहे. मडगार्डला भोक पाडून मी नांगरटीच्या दिव्याची वायर त्यातून काढली होती. भोकाच्या धारेला रबर बसवले नाही. पत्र्याच्या धारेने दीड वर्ष वायर थोडी थोडी कापली. रात्री रानात असताना सीटखालून धूर. फ्यूज नव्हताच. पाना शोधण्याइतका वेळ नव्हता, म्हणून विळ्याने बॅटरीची केबल कापली. वाचलो. नवे वायरिंग पदरचे घालावे लागले.

फ्यूज म्हणजे काय हे तुम्हाला मी शिकवावे असे नाही, डीपीतला फ्यूज सगळ्यांनी बघितला आहे. आणि डीपीत फ्यूजतारेच्या जागी ॲल्युमिनियमची जाड तार अडकवली की ट्रान्सफॉर्मर जळतो आणि ऐन पाण्याच्या पाळीला सगळे शिवार अंधारात बसते, तेही बघितले आहे. गाडीत तेच आहे. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज बसवणारे महाभाग माझ्या टपरीवर दर हंगामाला येतात. फ्यूज का उडाला हे विचारायचे सोडून त्याला उडूच द्यायचे नाही, असा हा न्याय.

दोन गोष्टी मात्र मिस्त्रीसुद्धा चुकतात. पहिली, फ्यूज बल्ब वाचवण्यासाठी नसतो, वायर वाचवण्यासाठी असतो. त्यामुळे तो दिव्याजवळ नको, बॅटरीजवळ हवा, वीतभर अंतराच्या आत. दिव्याजवळ लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर उघडीच राहिली. दुसरी, फ्यूज दिव्याच्या गरजेपेक्षा थोडा मोठा पण वायरच्या ताकदीपेक्षा लहान. हिशेब सोपा आहे. वॅटला बाराने भागा. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट, भागिले १२, म्हणजे सव्वानऊच्या आसपास अँपिअर. याला अडीच स्क्वेअर मिलिमीटरची वायर आणि १५ चा फ्यूज. पात्यांच्या फ्यूजला रंग ठरलेले आहेत, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. निळा उडाला म्हणून हिरवा घातला, की फ्यूजच्या आधी वायर जळणार.

आता वायर. घंटीची, स्पीकरची बारीक वायर दुकानात स्वस्त मिळते आणि दिवा तिच्यावर लागतोही. इथेच माणूस फसतो. अर्ध्या स्क्वेअर मिलिमीटरची ती वायर बॅटरीपासून चार मीटर ओढली आणि तिच्यावर ते ५५ चे दोन दिवे टाकले, तर वायरमध्येच जवळजवळ सव्वा व्होल्ट खाल्ले जातात. बाराच्या जागी दिव्याला पावणेअकरा. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होते? लाइनीच्या टोकाला विहीर असलेल्या शेतकऱ्याला विचारा, व्होल्टेज पडले की मोटर कशी कण्हते. हॅलोजन तर मोटरीपेक्षा नाजूक. व्होल्टेज दहा टक्के पडले की उजेड सुमारे तीस टक्के पडतो. मग माणूस म्हणतो, दिवा कमी पडतो, शंभर वॅटचा टाकू. त्याच वायरवर, त्याच स्विचवर. दोन शंभरचे म्हणजे साडेसोळा अँपिअरच्या वर. कंपनीचा स्विच आणि वायर साठ-पंचावन्नच्या बल्बसाठी बनवलेले. आधी स्विच गरम होतो, मग त्याचे प्लॅस्टिक मऊ होते, मग दिवे आपोआप विझतात, तेही नेमके वळणावर. उजेड हवा असेल तर शंभरचा बल्ब आणण्याआधी जाड वायर आणि रिले आणा. पंचावन्नचाच बल्ब किती उजेड देतो ते बघून तुम्हीच चकित व्हाल.

रिले म्हणजे दुसरे तिसरे काही नाही, पंपाचा स्टार्टर आहे. स्टार्टरचे हिरवे बटण दाबता तेव्हा मोटरीचा सगळा करंट काही तुमच्या बोटाखालून जात नाही. बटणातून थोडासा करंट जातो, आतली कॉइल कॉन्टॅक्ट ओढते आणि मोठा करंट जाड केबलने थेट मोटरीला जातो. रिले तसाच. त्याच्या चार टोकांवर आकडे कोरलेले असतात. ३० ला बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी जाड वायर. ८७ वरून जाड वायर दिव्याला. ८६ ला डॅशबोर्डच्या स्विचची बारीक वायर आणि ८५ ला मायनस. स्विचला प्लस चावीनंतरचा द्या, म्हणजे चावी काढली की दिवा बंद, रात्रभर बॅटरी उतरायची भानगड नाही. रिले उभा, टोके खाली करून बसवा, म्हणजे पाणी आत साचत नाही. हे सगळे करायला माझ्यासारख्याला दोन तास लागतात. बुडणाऱ्या खेपेपेक्षा ते स्वस्त आहे.

वायर ओढताना कंपनीच्या वायरिंगला चिमटा मारून टोचायचे नाही. सायलेन्सरपासून हातभर दूर राहा, डिझेलच्या नळीला वायर बांधू नका, पत्र्यातून काढाल तिथे रबर बसवा, वरून नळी चढवा आणि दर वीतभर अंतरावर बांधा. लोंबणारी वायर ऊस फडात कशाला ना कशाला अडकतेच. नुसता पीळ मारून काळी टेप गुंडाळायची नाही, ती टेप उन्हाने सुटते. लग दाबून बसवा. काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी काढायचा आणि शेवटी लावायचा, कारण प्लस सोडताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते आणि बॅटरीतून निघणारा वायू स्फोटक असतो. त्याच कारणाने बॅटरीवर वाकून बिडी ओढू नका. आणि ट्रॉलीला वेल्डिंग करायचे असेल तर ट्रॅक्टर सोडून करा. ट्रॅक्टरवरच करायचे असेल तर बॅटरीच्या आणि अल्टरनेटरच्या वायरी काढा. अल्टरनेटर जळून आलेल्या ट्रॅक्टरचा मालक आधी म्हणतो, काहीच केले नाही. थोडे खोदून विचारले की म्हणतो, हां, काल जरा हुकाला टाके मारले.

डबल ट्रॉलीवाल्यांनी इकडे लक्ष द्यावे. पुढच्या ट्रॉलीतून मागच्या ट्रॉलीच्या शेपटीपर्यंत वायर बारा-पंधरा मीटर होते. बारीक वायरवर शेवटच्या ब्रेकलाईटला दोन व्होल्ट कमी पोचतात, वर मायनसची तूट वेगळी. म्हणजे ज्या ट्रॉलीच्या मागे माणूस येणार तिचाच ब्रेकलाईट सगळ्यात मिणमिणता. तिथे दीड स्क्वेअर मिलिमीटरपेक्षा बारीक वायर वापरू नका. मागच्या दिव्यांना एलईडी चांगली. करंट कमी खाते, धक्क्याने तार तुटत नाही. तिच्यावर पैसे घालायला मी तयार आहे.

पण दिवा लागून उपयोग काय, जर तो दिसलाच नाही? ऊस भरला की वाढे ट्रॉलीच्या मागे दीड-दोन हात लोंबतात आणि मागचे दोन्ही दिवे त्यात झाकून जातात. आपण पुढून बघतो, दिवा लागला, चला. मागून येणाऱ्याला दिसते ती हिरवी-काळी भिंत. म्हणून दिवे एका आडव्या पट्टीवर बसवा, पट्टीला चार-पाच मीटर वायर जादा ठेवा आणि भरणी झाली की ती पट्टी मोळ्यांच्या टोकाला बाहेरून बांधा. गाडी रिकामी झाली की काढून आत टाका. हे काम टोळीतला पोरगासुद्धा करतो. सोबत लाल रिफ्लेक्टरची पट्टी, दोन्ही कोपऱ्यांना. बॅटरी संपली, वायर तुटली, तरी रिफ्लेक्टर काम करतो. टायर फुटून रस्त्यात सोडलेल्या ट्रॉलीला तर दुसरा आधारच नसतो. ट्रॅक्टर गेला की तिचा दिवाही गेला. आपण चाकाला दगड लावतो, मागे फांदी टाकतो, आणि नंतर ट्रॉली नेताना दगड तिथेच ठेवतो.

आता नांगरटीचा पांढरा दिवा. तो मागे तोंड करून असतो आणि रानातून रस्त्यावर येताना बंद करायचा राहतो. मागून येणाऱ्याला काय वाटणार? लाल दिवा म्हणजे पुढे जाणारी गाडी, पांढरा म्हणजे समोरून येणारी. तो बिचकून बाजूला घेतो आणि रस्त्याच्या खाली जातो, नाहीतर डोळे दिपून ट्रॉलीत घुसतो. या दिव्याचा स्विच वेगळा ठेवा आणि स्विचशेजारी एक बारीक लाल दिवा बसवा, म्हणजे चालू राहिला तर डोळ्यासमोर दिसेल.

अल्टरनेटरचाही विचार करा. ३६ अँपिअरचा असला तरी तेवढा करंट तो पूर्ण रेसवर देतो, इंजिन संथ असताना बराच कमी. कारखान्याच्या काट्यापुढे रांगेत तास न् तास उभे राहायचे, इंजिन बंद, दिवे चालू, गाणी चालू. मग नंबर आला की ट्रॅक्टर ढकलायला दहा जण. हे मी कोणाला नावे ठेवायला सांगत नाही. रात्र रात्र रांगेत बसायला लावणाऱ्या व्यवस्थेवर आपण दुसऱ्या बैठकीत बोलतोच.

(इथे एका तरुण शेतकऱ्याने विचारले, "मग एलईडीची पट्टी लावायची की नाही? एवढा उजेड कशातच नाही.")

रानात लाव, भाऊ. टपावर बसव, फ्यूज-रिले घाल, नांगरट कर. रस्त्यावर ती चालू ठेवायची नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १११ वा नियम सांगतो की गाडीच्या पुढे स्पॉटलाईट, सर्चलाईट लावायचा तर तोही अपवाद म्हणूनच, आणि नोंदणी अधिकाऱ्याची आधी परवानगी पाहिजे. नियम सोड. समोरून मोटारसायकलवर तुझाच चुलता येत असेल. ती पट्टी उजेड सगळीकडे फेकते, तिला डिपर नाही. तो तुझ्या गाडीच्या शेजारी येईपर्यंत आंधळा असतो. आणि हॅलोजनच्या काचेत एलईडीचा बल्ब कोंबून बसवणेही तसेच. ती काच दुसऱ्या बल्बसाठी घडवलेली आहे, उजेड जिथे पडायला हवा तिथे पडत नाही, समोरच्याच्या डोळ्यात पडतो. आणि गाडीला आग लागलीच तर विम्याचा सर्व्हेअर पहिले बॉनेट उघडून वायरिंग बघतो, हेही लक्षात असू दे.

काम कोणी का केले असेना, घेताना एवढे तपासा. सगळे दिवे लावून इंजिन वीस मिनिटे चालू ठेवा. मग बंद करून प्रत्येक सांध्याला, स्विचला, फ्यूजच्या होल्डरला हात लावा. कोमट चालेल. हात ठेवता येत नसेल तर तिथे सांधा कच्चा आहे किंवा वायर बारीक. मिस्त्रीकडे मीटर असतो, दिवा चालू असताना बॅटरीवर किती व्होल्ट आणि दिव्यावर किती, ते त्याला तुमच्यासमोर मोजायला सांगा. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर पैसे देण्याआधी परत करून घ्या. मिस्त्रीला राग येईल. येऊ द्या, मलाही येतो.

त्या पोराबद्दल सांगायचे राहिले. आता तो माझ्याच टपरीवर बसतो, ट्रॉल्यांच्या पट्ट्या बांधायचे काम करतो. मायनसची वायर घेतल्याशिवाय तो ट्रॉली सोडत नाही, गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी.

बाहेर मंडपामागे आठ-दहा ट्रॅक्टर उभे आहेत. मी टेस्ट लॅम्प आणि मीटर आणला आहे. जेवणाची पंगत बसायला अजून अर्धा तास आहे, ज्यांना आपली ट्रॉली तपासून घ्यायची आहे त्यांनी चावी घेऊन या.